शेरा : ‘माहेरी’

नऊही तालुक्यांतून सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेल्या आशाताई, अंगणवाडीताई, गटप्रवर्तक आणि माझ्या सिस्टर मैत्रिणींनो,

या संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीत आजवर डॉक्टर बसले, अधिकारी बसले. उपकेंद्रातली बाई पहिल्यांदा बसते आहे, एवढी नोंद करून पुढे जाऊ. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, हे स्वागताच्या भाषणात तीनदा झालं, त्यामुळे मी ते सोडून देते.

संयोजकांनी विषय दिलाय ‘गृहभेटींचा आढावा’. तो आधी उरकते. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्यानं गावातल्या निरक्षर बायकांना शिकवून गावाचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्याबरोबर अंगणवाडीताई आली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना घरोघर पाठवलं. नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण तिथं ६२ टक्क्यांनी उतरलं आणि ‘लॅन्सेट’नं १९९९ मध्ये ते जगापुढे ठेवलं. २००५ मध्ये आशाची योजना आली. २०११ मध्ये गडचिरोलीची रीत देशानं घेतली. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशानं घरी जायचं, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंतच्या आणखी पाच भेटी त्याला जोडल्या. झाला आढावा.

आता जे बोलायला मी सगळी नोकरी थांबले, ते बोलते.

आपल्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. त्यात एक शब्द मी हजार वेळा लिहिला असेल, तुम्हीही लिहिलाय: ‘माहेरी’. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातवा-आठवा लागला की ओटी भरून लेकीला घेऊन जातात. सव्वा महिना झाल्याशिवाय ओली बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. पुष्कळ घरांत तिसऱ्या महिन्यात बारसं-बाळंतविडा करून तिला पोचवतात. आता हाताची बोटं मोजा. बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या सगळ्या भेटी कुठं पडल्या? माहेरी. आणि तिचं नाव, तिचं रक्त, तिचं वजन, तिचा बीपी हे सगळं कुठं? सासरच्या वहीत. माहेरचं गाव, तिथल्या आशाचा फोन, हे लिहायला आपल्या वहीत जागा नव्हती. शेऱ्याला मात्र होती. तो शब्द लिहिला की आपली जबाबदारी संपली, अहवाल स्वच्छ.

मी १९८६ ला सिस्टर म्हणून नोकरीला लागले. तेव्हा हिंगोली, वसमत, कळमनुरी आपल्याच परभणी जिल्ह्यात, १९९९ ला वेगळे झाले. आशा यायच्या आधीची गोष्ट सांगते. गोदाकाठच्या माझ्या एका गावात एक पोरगी पहिलटकरीण होती. रक्त सात, वजन वाढत नव्हतं. मी तिच्या घरी चारदा गेले, गोळ्या दिल्या, सासूला बसवून सांगितलं. आठव्यात भाऊ आला, बैलगाडीतून घेऊन गेला. कार्ड सासूनं रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं, ते तिथंच राहिलं. मी वही उघडली, ‘माहेरी’ लिहिलं आणि सही केली. तिकडच्या सिस्टरला ती कोण, तिचं रक्त किती, काही माहीत नाही. तिच्या यादीत हे नावच नाही. लेकरू रात्री घरातच झालं, अगदी बारीक. कुणी तोललं नाही. आठव्या दिवशी अंगावर ओढेना, हातपाय गार पडले. सटवाईचं म्हणून अंगारा लावला. दहाव्या दिवशी गेलं.

दोन महिन्यांनी ती परत आली. हातपंपावर भेटली. भांडी घासता घासता म्हणाली, “बाई, मव्हं लेकरू तुमच्या वहीत हाय का?” मी म्हणाले, नाही गं. “तिकडच्या वहीत बी नाई म्हनं.” एवढंच बोलली आणि भांडी विसळायला लागली. त्या महिन्याच्या बैठकीत माझ्या उपकेंद्राचं काम शंभर टक्के वाचून दाखवलं गेलं. टाळ्याही वाजल्या.

काही म्हणतील, तो जुना काळ. २०११ नंतर काय झालं ते ऐका. दोन गावांत भेटी वाटल्या जातात हे शासनाच्या लक्षात आलं, आणि नियम निघाला की ₹२५० च्या प्रोत्साहन रकमेतले ₹१२५ माहेरच्या आशाला अन् ₹१२५ सासरच्या आशाला. बाळंतिणीचे दोन भाग बरोबर केले! पण या आशानं त्या आशाला कळवायचं कसं, हे कुठल्या बैठकीत शिकवलेलं मी ऐकलं नाही. दोघींपैकी एकीनं जरी फोन केला असता तरी मी आज वेगळ्या विषयावर बोलले असते.

“आता पोर्टल आहे, प्रत्येक बाईला नंबर आहे, कुठंही गेली तरी सापडते,” असं सकाळच्या सत्रात एक तरुण डॉक्टर म्हणाले. डॉक्टरसाहेब, माझी सख्खी भाची माहेरी आली. नंबर होता. चौदाव्या दिवसापर्यंत घरात कुणी आलं नाही. मी चौकशी केली तर गल्लीतली आशा म्हणाली, “मावशी, मला कुणी सांगितलंच नाही.” ती खोटं बोलत नव्हती. नंबर कॉम्प्युटरला सापडला असेल, बाळंतीण आशाला सापडली नव्हती.

सकाळी दुसरा वाद झाला, गृहभेटीत नवऱ्याला बसवावं की नाही. तासभर चालला. माझं उत्तर असं. एका घरी वजन करताना झोळी धरायला कुणी नव्हतं. बाप बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. त्याला आत बोलावलं, हात धुवायला लावले, झोळी धरायला लावली. मग त्याच्याच घड्याळावर लेकराचा श्वास मोजायला शिकवलं. शांत असताना मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर थांबायचं नाही, एवढंच सांगितलं. पाचव्या रात्री सायकल दामटत उपकेंद्रावर आला. दार वाजवून म्हणाला, “बाई, अडुसष्ट. दोनदा मोजले.” जीप करून परभणीला नेलं. ते पोरगं आता ट्रॅक्टर चालवतं. तेव्हा बापाला आत घ्या, चर्चासत्र कशाला?

पण त्या रात्री घरी येताना मी विचार करत होते. ते दुसरं बाळंतपण होतं, म्हणून बाळंतीण सासरी होती. पहिलं असतं तर तो माणूस इकडं, लेकरू तिकडं, आणि घड्याळ ह्याच्या मनगटावर.

नेदरलँड्समध्ये बाळंतपण झालं की आठवडाभर रोज काही तास प्रसूतिसेविका घरी येऊन बसते. बाळ-बाळंतिणीचं बघते, घरातलंही थोडं आवरते. आपण म्हणतो, त्यांना माहेर नाही म्हणून. आणि आपल्याकडं माहेर आहे, म्हणून सेविका यायची नाही! हे कसलं शास्त्र? गंगाखेड तालुक्यातल्या बायकांना मी सांगायचे, तुमच्या जनाबाईच्या घरी विठ्ठल आला तो दळू लागायला, वही भरायला नाही. त्या हसायच्या, आणि मग भेटीत बोलायच्या.

‘माहेरी’ची एक सख्खी बहीण आहे, ‘ऊसतोड’. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, उचल घेतलेली असते, सातव्या महिन्यातली बाईही कोयत्यावर जाते, आणि कोपीत बाळंत झाली तर ती कुणाच्या वहीत? यावर वेगळं संमेलन लागेल. आज मी माहेरापुरतंच बोलते, नाहीतर दोन्ही राहून जातील.

उपाय काय, असं विचाराल. माझ्याकडं मोठी योजना नाही. मी नोकरीच्या मधल्या काळात पोस्टकार्डं टाकायचे: अमुक मुलगी तुमच्या गावात येते आहे, रक्त इतकं, तारीख अमुक, तुमच्या सिस्टरनं बघावं. अकरा टाकली, चारांची उत्तरं आली. वाईट नाही, कारण त्या चारही पोरींच्या घरी कुणीतरी गेलं होतं. नंतर बदली झाली आणि सवय मोडली. ती मोडली नसती तर, असं आजही वाटतं. जिल्हा पातळीवर माहेरवाशिणींची एक यादी व्हावी, तालुक्यांनी ती एकमेकांना द्यावी, ओटी भरायच्या दिवशीच कार्ड मुलीच्या पिशवीत जावं, असं काहीसं माझ्या मनात आहे. ते कसं बसवायचं हे तरुण मंडळींनी ठरवावं. मी येईन बैठकीला, एसटीच्या भाड्याचं मी बघते.

तोवर एक करा. तुमच्या पिशवीत वही आहे, मला दिसते आहे. काढा ती. गेल्या तीन महिन्यांत जिच्यापुढं ‘माहेरी’ लिहिलंय, तिच्या सासरी फोन लावा, माहेरचं गाव विचारा, आणि त्या गावच्या आशाला आत्ता कळवा. ती याच मांडवात बसली असण्याची शक्यता आहे, तर नुसती हाक मारा. जेवणाला अर्धा तास उशीर होईल. आचाऱ्याला मी सांगून ठेवलंय.