बाळाची झोप आणि आईची विश्रांती
(माता-पालक मेळाव्यातील भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. दोन मुलांचे पालक म्हणून जे शिकलो, तेवढेच सांगतो.

आमचा थोरला तान्हा असताना दिवसा गाढ झोपे आणि रात्री दिवा मालवला की टाहो फोडी. कुणी म्हणे नजर लागली. शेजारच्या आजींनी झोपेची गोळी उगाळून पाजायला सांगितले. ‘आमच्या आईच्या वेळी गिरणीतल्या बाया असेच करीत,’ असे त्या म्हणाल्या. ते खरेच होते. गिरणीत जाणाऱ्या कित्येक आया अफूची बाळगोळी देऊन तान्ह्याला निजवीत. तो निर्दयपणा नव्हे, नाइलाज होता. प्रसूतीची पगारी रजाच नव्हती. म्हणून १९२८ साली मुंबई विधिमंडळात परमपूज्य बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी ठासून मांडले. १९२९ साली तो कायदा झाला.

आम्ही गोळी दिली नाही, डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ‘बाळात दोष नाही. त्याला अजून दिवस-रात्र कळत नाही.’ नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्या-तुकड्याने. पोट लहान, म्हणून दर दोन-तीन तासांनी दूध लागते. दोन-तीन महिन्यांनी रात्रीची झोप हळूहळू लांबते. तोवर सवय लावायची ती घराने. दिवसा खिडकी उघडी ठेवावी, नेहमीचे आवाज होऊ द्यावेत, बाळाशी बोलावे. रात्री मंद दिवा, दूध पाजून ढेकर काढावी आणि गप्पा न मारता निजवावे. डोळे पेंगुळताच खाली ठेवावे.

बाळाला नेहमी पाठीवरच निजवावे. अमेरिकेत १९९४ पासून तसा प्रचार झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण निम्म्यावर आले. अंथरूण सपाट व घट्ट असावे. मोहरीची उशी, जाड गोधडी, तोंडावर पदर नको. खोलीत धुरी नको, विडी-सिगारेट तर नकोच. बाळ दुधालाही उठत नसेल, मलूल असेल किंवा अंग तापले असेल, तर तडक दवाखाना गाठावा.

आता कबुली देतो. त्या रात्री बाळाची आई एकटी जागत होती. ‘सकाळी बँक आहे’ म्हणून आम्ही कुशीवर वळत असू. एके पहाटे बाळाला मांडीवर घेऊन ती बसल्या-बसल्या डुलकी खाताना दिसली. बाळ निसटायचे तेवढे राहिले होते. त्या दिवसापासून दूध पाजून झाले की ढेकर काढणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन फिरणे आमच्याकडे आले. धाकटीच्या वेळी तर पहिल्या दिवसापासून पाळी लावली.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत पहिले, पत्नीचा सन्मान. बाळंतिणीच्या खोलीत त्या सन्मानाचा अर्थ सलग चार तासांची झोप एवढाच आहे. आई निवांत निजली, की बाळाची काळजीही नीट होते.

बंधूंनो, आज घरी गेल्यावर रात्रीची एक पाळी आपल्या नावावर लिहा, एवढीच विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जय भीम! जय बुद्ध!