शिडाची होडी आणि नोंदणीचे कागद



शिडाच्या लहान होडीला इंधन लागत नाही. कागदपत्रांतून मात्र तिची सुटका नाही. मासेमारीच्या एकाच होडीसाठी नोंदणी आणि परवाना असे दोन दस्तऐवज का लागतात, याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. सागरी नौवहन हा संघसूचीतील २५ वा, तर मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील २१ वा विषय होय. त्यामुळे होडीची नोंदणी केंद्रीय कायद्याच्या चौकटीत आली आणि मासेमारीचा परवाना राज्याच्या सागरी मासेमारी नियमन कायद्याकडे गेला. केरळ व गोव्याचे असे कायदे १९८० चे, महाराष्ट्राचा १९८१ चा आहे.

१९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात १९८३ साली मासेमारी होड्यांसाठी स्वतंत्र भाग समाविष्ट झाला. होडी केवढी आहे, ती यंत्राने चालते की शिडाने, असा भेद त्यात नव्हता. तथापि अंमलबजावणीला वेग आला तो २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर. हल्लेखोरांनी 'कुबेर' या मासेमारी नौकेचा वापर केला होता. २००९ मध्ये देशभर समान नोंदणीपद्धती आखण्यात आली व राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांतील अधिकाऱ्यांकडे नोंदणीचे काम सोपविले गेले. पुढे 'रिअलक्राफ्ट' ही संगणकीय प्रणाली आली. देश, राज्य व होडीचा प्रकार आता क्रमांकावरूनच कळतो.

सुरक्षेच्या दृष्टीने हे आवश्यकच आहे. परंतु अर्जातील रकाने मोठ्या नौकेला सोयीचे आहेत. गावातील सुताराने किनाऱ्यावर बांधलेल्या होडीची पावती कोठून आणावी? दोघा भावांच्या सामाईक होडीचा मालक कोण? नाखवा निवर्तल्यास ती वारसांच्या नावे होईपर्यंत काय करावे? कार्यालयातील प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची बुडालेली मासळी.

हे कागद टाळले, तर किंमत वादळात मोजावी लागते. २०१७ च्या ओखी चक्रीवादळासारख्या आपत्तीत होडी गेली आणि तिची नोंद नसली, तर ती होती हे सिद्ध करणेच कठीण होते. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नौकांच्या विम्याची तरतूद आहे. पण विमाही ओळख पटलेल्या होडीचाच उतरतो.

उपायाची दिशा कायद्यातच सापडते. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने यंत्रविरहित होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची वाट दाखविली. हेच तत्त्व किनाऱ्यावर लागू करता येईल. मासळी उतरते त्या बंदरावरच शिबिर, पावतीऐवजी ग्रामपंचायतीचा वा मच्छिमार सहकारी संस्थेचा दाखला आणि दोन्ही दस्तऐवजांसाठी एकच अर्ज, एवढ्याने बराचसा त्रास कमी होईल. संसदेने २०२५ मध्ये नवा व्यापारी नौवहन कायदा संमत केला आहे. त्याखालील नियमांत सर्वांत लहान होडीचा विचार झाला, तर सुरक्षा आणि उपजीविका यांत विरोध उरणार नाही.