जुन्या दणकट संगणकाची साठवण
(घाटनांदूर येथील शिक्षक-पालक सभेत दिलेले व्याख्यान)



मी भाषेचा शिक्षक. बी. ए., बी. एड. झालेल्या माणसाने संगणकाच्या पोटात हात घालावा काय, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु खेड्यातल्या शाळेत नळ गळू लागला की ज्याच्या हाताशी पान्हा असेल त्यालाच उठावे लागते. आज मी नव्या यंत्राविषयी बोलणार नाही. अंगाने धडधाकट, पण पोट भरल्यामुळे अडून बसलेल्या जुन्या यंत्राविषयी बोलणार आहे.

मुलांसाठी मुद्दाम दणकट बनविलेला संगणक आपल्या महाराष्ट्राने पूर्वीच पाहिला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात या डोंगरावरच्या छोट्या वस्तीत, जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत, पहिली ते चौथीच्या वीसेक मुलांच्या हाती 'एक्सओ' नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप देण्यात आले. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेतील ते यंत्र. 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' असा त्याचा गाजावाजा झाला, प्रत्यक्षात किंमत १८८ डॉलरच्या घरात गेली. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना नाकारली होती. ती नामंजुरी मला अगदीच अनाठायी वाटत नाही. जिथे शिक्षकच नाही तिथे लॅपटॉप काय करणार? पण खैरातला शिक्षक होता, आणि म्हणूनच तिथला प्रयोग लक्षात राहिला.

यंत्राची बांधणी मात्र वाखाणण्याजोगी. कवच दोन मिलिमीटर जाडीचे, कळफलक रबराचा व सलग, त्यामुळे धूळ-पाणी आत शिरत नाही. पडदा भर उन्हातही वाचता येतो. फिरणारी हार्ड डिस्कच नाही, मग आपटून बिघडायचे काय? साठवण सगळी एका चिपमध्ये, आणि ती अवघी १ जीबी. त्यातलाही मोठा वाटा यंत्राच्या स्वतःच्या प्रणालीला लागतो. ही चिप मुख्य पाटीवर झाळलेली असते, काढून मोठी बसविता येत नाही. दणकटपणाची ही किंमत आहे. जे उघडत नाही ते बिघडत नाही, पण ते वाढतही नाही.

ही जागा भरते कशाने? लिहिण्याने नव्हे, हे मी भाषाशिक्षक म्हणून अभिमानाने सांगतो. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, उर्दूच्या अक्षराला दोन, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे 'की' लिहायला क आणि वेलांटी मिळून सहा. दोन हजार चिन्हांचे एक पान धरले तर मराठीची हजार पाने सहा एमबीत मावतात. वर्गातल्या सगळ्या मुलांचे वर्षभराचे निबंध त्यात येतील. जागा खातात ती चित्रे, आवाज आणि चलच्चित्रे. त्यात या यंत्रात 'जतन करा' असे बटण दाबावे लागत नाही. मूल जे काही करील ते 'जर्नल' नावाच्या रोजनिशीत आपोआप साठते. रोजनिशी काठोकाठ भरली की यंत्र सुरू होतानाच अडते, आणि लोक म्हणतात, मेले.

उपाय साधा आहे. पडदा थोडा फिरवला की त्याच्या खालच्या कडेला एसडी कार्डाची खाच दिसते. तिथे ३२ जीबीपर्यंतचे कार्ड घालावे. त्याहून मोठी कार्डे वेगळ्या मांडणीत येतात आणि जुन्या प्रणालीला ती वाचता येत नाहीत. जर्नलच्या तळाशी कार्डाचे चिन्ह उमटते, त्यावर एकेक नोंद ओढून टाकायची. मात्र ही नक्कल असते. मूळ नोंद पुसल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. आणि पुसण्यापूर्वी नक्कल उघडून पाहायची, हा क्रम कधी चुकवू नये.

कार्ड घातले म्हणून यंत्र वेगवान होईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. साठवण म्हणजे कपाट, आणि काम करताना लागणारी स्मृती म्हणजे पाटी. एक्सओची पाटी २५६ एमबीची. कपाट कितीही मोठे आणा, पाटी तेवढीच राहते. काही हौशी मंडळी कार्डाचाच पाटीसारखा वापर करतात. तसे केल्यास सतत लिहिण्या-पुसण्याने कार्ड लवकर झिजते.

आता आपल्या शाळेकडे वळतो. देणगीत आलेले आपले यंत्र दुसऱ्या जातीचे आहे: मूठ असलेले, धातूच्या कवचाचे, आत हार्ड डिस्क. पॅनासॉनिकचे 'टफबुक' १९९६ मध्ये बाजारात आले, त्या घराण्यातले म्हणा. त्यावर सातवीच्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आहेत. खडी फोडण्याची कामे, मिलोची भाकरी, गुरे सोडून देण्याचे दिवस. बोलणाऱ्यांपैकी दोघे आज हयात नाहीत. डिस्क भरल्यावर यंत्र दुरुस्तीला नेले, तेव्हा दुकानदार सहज म्हणाला, "सर, फॉरमॅट मारून देतो, मोकळं होईल." मी यंत्र उचलून परत आणले.

अशा यंत्रात डिस्क बदलणे अवघड नसते. बाजूचे झाकण उघडले की डिस्क तिच्या पेटीसह बाहेर येते. प्रथम जोडणीची जात पाहावी. जुन्यांना टाचण्यांच्या दोन रांगा असलेली आयडीई, नंतरच्यांना चपटी साटा. फार जुन्या यंत्रांना १३७ जीबीच्या पुढचे मोजताच येत नाही, तिथे मोठी डिस्क घेणे म्हणजे पैसे पाण्यात. साटा असेल तर फिरता भाग नसलेली एसएसडी घ्यावी. डिस्कभोवतीची मऊ गादी आणि झाकणाची रबरी कड मात्र होती तशीच परत बसवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ त्या कडेमुळेच बाहेर राहते. जुनी डिस्क पुसू नये, कपाटात ठेवावी.

स्वस्त कार्डांविषयी एक इशारा. बाजारात अशी खोटी कार्डे मिळतात, जी ३२ जीबी सांगतात आणि प्रत्यक्षात ४ जीबीच धरतात. त्यापुढचे सारे नाहीसे होते, आणि यंत्र कुरकुरही करीत नाही. नवे कार्ड एकदा काठोकाठ भरून, पुन्हा वाचून मगच मुलांच्या हाती द्यावे.

संस्थेकडे माझे मागणे लहान आहे: एक एसएसडी आणि दोन कार्डे. एक कार्ड वर्गात राहील, दुसरे कार्यालयाच्या कपाटात. दोन्हींवर क्रमांक घालून त्यांची नोंद जडसंग्रह वहीत करावी, आणि दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पहिल्यावरचे दुसऱ्यावर उतरवून घ्यावे. ते काम सातवीची मुलेच करतील. त्यांना ते मी शिकविले आहे.