चॅप्टर दोन, म्हणजे लिटरेचर सर्व्हे

रत्नागिरीतून बोलतोय. बाहेर पाऊस लागलाय, पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आधी एक कबुली. बीटेकच्या रिपोर्टमधला आमचा चॅप्टर दोन सिनियरच्या रिपोर्टवरून उचललेला होता. पंधरा पेपर, त्यातला एकही आम्ही पूर्ण वाचला नव्हता. व्हायवाला कुणी विचारलंही नाही.

हे आठवलं ताईमुळे. माझी मावसबहीण इंजिनीअरिंगच्या पोरांना एम-थ्री शिकवते. या विषयाच्या केटीपायी माझ्या एका मित्राने कॉलेजच सोडलं होतं. ताईला आता नुसतं लेक्चर न देता वर्गात गट करून गणितं सोडवून घ्यायचीयत. मला म्हणाली, "याने पोरं पास होतात असं दाखवणारे दहा पेपर काढून दे."

"आणि होत नाहीत म्हणणारे?"

"ते कशाला?"

घोळ इथेच आहे. आपल्याला हवे ते दहा पेपर कशाच्याही बाजूने मिळतात. म्हणून सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये प्रश्न आधी लिहायचा, शोधायचे शब्द लिहायचे, कुठला पेपर घ्यायचा नि कुठला नाही याचे नियमही पेपर बघायच्या आधी ठरवायचे. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी बार्बरा किचनहॅम यांनी 2004 मध्ये ही पद्धत मांडली. इंजिनीअरिंग शिक्षणासाठी बोरेगो, फॉस्टर आणि फ्रॉइड यांचा 2014 चा लेख आहे.

आंब्याची पेटी भरताना बघा. लहान, डागी फळ वरूनच बाजूला काढतात. ते झालं टायटल-अॅबस्ट्रॅक्ट वाचून गाळणं. पण साका कापल्याशिवाय दिसत नाही, त्यासाठी पेपर पूर्ण वाचावाच लागतो. फरक एवढाच की इथे टाकलेल्या प्रत्येक फळाचं कारण वहीत लिहायचं. किती आले, किती गाळले, का गाळले. या हिशोबाच्या आकृतीला प्रिझ्मा म्हणतात.

स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हेच केलं. 642 पेपर चाळून शेवटी 225 अभ्यास धरले. नुसत्या लेक्चरच्या वर्गात सरासरी 33.8 टक्के नापास, आणि पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गात 21.8 टक्के. ताई खूश! पण ते वर्ग रत्नागिरीतले नव्हेत. मराठी माध्यमातून आलेला, पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीतच अडखळणारा पोरगा त्यात कुठे दिसणार?

म्हणून आम्ही इकडचं शोधायला लागलो. मी आधी गूगल स्कॉलरची पहिली दोन पानं बघून थांबायचो, आळस दुसरं काय! इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधून इंजिनीअरिंग शिक्षणावरचं एक जर्नल निघतं, आपल्याकडच्या वर्गांतले प्रयोग त्यात येतात. एवढ्या जवळ असून मला पत्ता नव्हता.

सध्या आमच्या शीटमध्ये 61 पेपर आहेत. तीन पेपरांत काहीच फरक पडलेला नाही. त्यातला एक ताईला गाळायचाय, म्हणते वर्ग फारच छोटा होता. मी म्हटलं, तेवढेच छोटे वर्ग असलेले चार पेपर तुझ्या बाजूचे आहेत, तेही काढ मग. दोन दिवस फोन नाही आला. काल रात्री शीट उघडली, तर पाचही लाल केले होते.