ट्रंकेतला कागद

मी इंजिनिअर. इतिहास दहावीनंतर सुटला. १७०८ साली वारलेल्या सेनापती धनाजी जाधवांची समाधी आपल्याच वडगावात आहे, हे मला तिशीत कळलं! १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार स्वतः इतिहास संशोधक. ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं त्यांनी संपादित केली. मराठ्यांचे कागद मोडीत, मोगलांचे फारसीत. दोन्ही वाचणारे आज मोजकेच.

माझ्या मामेबहिणीला इतिहासात पीएच.डी. करायची आहे. घरचे विचारतात, "पोट कशावर भरणार?" प्रश्न खोटा नाही. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये, नाहीतर ओढाताण. तरी मी तिच्याच बाजूनं बोललो. अम्मीच्या ट्रंकेत आजोबांचा एक मोडी कागद आहे. तो आमच्यात कुणालाच वाचता येत नाही.