आजीबाईंचे सोन्याचे नाणे

आमच्या सक्करदऱ्यातील एका आजीबाईंनी नातीच्या लग्नासाठी जपलेले नाणे परवा काढले, तर त्यावर चिकट थर नि तपकिरी डाग! “मास्तर, सोनं खोटं तर नाही ना हो?” त्यांनी घाबरून विचारले.

तसे नव्हते. 22 कॅरट म्हणजे 24 भागांत 22 भाग सोने. उरलेल्या दोहोंत बहुधा तांबे किंवा चांदी. मऊ पीव्हीसीच्या पिशवीतून कालांतराने तेलकट द्रव्य नि आम्ल सुटते. रबरातील गंधक तांब्याचांदीला डागाळतो. तेव्हा आपण रबर नि मऊ पिशवी टाळावी. पॉलिएस्टरच्या कोरड्या पाकिटात एकेक नाणे वेगळे ठेवावे, कडेला धरून उचलावे. सोने मऊ, म्हणून घासू मात्र नये. सराफाने कस पाहून सोने खरे म्हटले, तेव्हा आजीबाईंचा जीव भांड्यात पडला.