भागधारकाचे मत

सुरतेच्या उत्तरेस, मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर कोसाड नावाचे स्थानक आहे. तेथल्या एखाद्या गृहस्थाने मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली पुंजी मोठ्या कंपनीच्या भागांत घालावी, आणि इतरांचे भाव चढत असता त्याचेच भाग वर्षानुवर्षे मागे रेंगाळावेत, असा अनुभव गावोगावी अनेकांना येतो. असा भागधारक चालकांवर संतापतो. पण सभेची सूचना आली की ती न वाचताच बाजूला ठेवतो.

त्याचा संताप रास्त आहे काय? भाव बाजार ठरवितो. तो सर्वस्वी चालकांच्या हातचा नसतो. केवळ भाव उतरला म्हणून कोणाला अप्रामाणिक म्हणता येणार नाही. मात्र पैसा कोठे गुंतविला, येणे का थकले, हे विचारण्याचा अधिकार भागधारकाला आहे. चालक हे धनी नव्हेत, कारभारी आहेत.

मुंबईच्या झी एंटरटेनमेंट कंपनीचे उदाहरण बोलके आहे. २०१८ च्या आरंभी सहाशे रुपयांच्या आसपास असलेला तिचा भाग ऑगस्ट २०२१ मध्ये दोनशेच्याही खाली होता. सुमारे १८ टक्के भाग बाळगणाऱ्या इन्व्हेस्को या परदेशी गुंतवणूक संस्थेने सप्टेंबरात विशेष सभेची मागणी केली. प्रमुख चालक पुनीत गोएंका यांना संचालकपदावरून दूर करावे, असा तिचा आग्रह होता. संस्थापक कुटुंबाकडे तेव्हा जेमतेम ४ टक्के भाग होते. मुंबई उच्च न्यायालयाने प्रथम सभेस मनाई केली. मार्च २०२२ मध्ये खंडपीठाने ती उठविली. परंतु सोनीशी विलीनीकरण ठरल्यामुळे इन्व्हेस्कोने मागणी सोडून दिली. जानेवारी २०२४ मध्ये सोनीने तो करार मोडला. पुढे नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत गोएंका यांच्या संचालकपदी फेरनेमणुकीचा ठराव मतास आला. बाजूने ४९.५४ टक्के मते पडली, विरुद्ध ५०.४५. ठराव फेटाळला गेला.

एक टक्क्याहूनही कमी असे हे अंतर आहे! अशा वेळी थोड्या भागांच्या धन्यांनी दिलेली, किंवा न दिलेली, मते निर्णायक ठरू शकतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकदशांश मतदानहक्काचे भागधारक एकत्र आल्यास विशेष सभा मागू शकतात, आणि बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या सभेसाठी घरबसल्या मत देण्याची सोयही आहे.

मताने भाव वाढेलच, असे नाही. पण हिशेब मागणारा जागा आहे, हे कारभाऱ्याला कळले म्हणजे पुंजी थोडी अधिक जपली जाते.